जुन्या ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन केली, कोकणात न्यायची आहे, कूलरले बॅटरी किती लागन?

कास्तकार_आर्णी:
राम राम मंडळी. लहान भावानं जुनी ट्रॅव्हलर घेतली होती, मागच्या सीटा काढून दोन दिवाण, गॅसचा ओटा अन् पाण्याची टाकी बसवली, आता मागच्या खिडकीले कूलर बसवून राह्यलो. मे मधे पोराइच्या सुट्ट्या, वावरातही काही नाही, त्याच्यामुळं खरिपाच्या आधी आठ दिवस समुद्र पाहून यायचा. आई-बाबा धरून आठ जण. आमच्या आर्णीहून (यवतमाळ जिल्हा) रस्ता कोणता घ्यावा, गाडी बीचवर लावता येते का, अन् कूलर रातभर चालवाले बॅटरी किती लागन, सांगजा.

वर्धेकर_आता_रत्नागिरी:
दादा, कूलर पहिले काढा. नोकरीपायी इकडं आलो तेव्हा मीही टेम्पोत टाकून आणला होता, बायको नको म्हणे तरी. वाळ्याची ताटी, पाणी, सगळं केलं, सकाळी गादी ओली अन् उशी चिकट. आपल्याकडं मे मधली हवा कोरडी ठण्ण, ताटीतलं पाणी उडून जाते म्हणून गार वारा येते. इथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, ते पाणी उडनच कुठं? पारा सहसा ३३-३४ च्या वर जात नाही तरी अंगाले धारा. बॅटरीवरचे दोन पंखे लावा, खिडक्याइले मच्छरजाळी ठोका, बस.
रस्ता तर तुमच्या दारातूनच जाते, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मग मिरज-कोल्हापूरकडून आंबा घाट उतरला की रत्नागिरी. पहिला मुक्काम सोलापूरले करा, घाट दिवसा उतरा, खालच्या गिअरमधे, नुसत्या ब्रेकवर नको.

दारव्ह्याची_सूनबाई:
भाऊ, बीचवर गाडी बिलकुल नेऊ नका, तिथं मनाई असते अन् आमची फजिती झाली आहे. माझे दीर म्हणाले रेती कडक आहे, पाच मिनिटं फोटो काढू, तेवढ्यात मागची चाकं अर्धी खाली गेली अन् पाणी वर येऊन राह्यलं, शेवटी गावातल्या ट्रॅक्टरनं ओढली, सासूबाई तर रडायलाच लागल्या. तिथल्या एका आजोबानं मग हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती अन् बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा पोरांचा हात सोडूच नका. घरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच.
मुक्काम घरगुती राहण्याच्या वाडीत करा, बाथरूम अन् लाईटचे पैसे द्यायचे अन् गाडी अंगणात लावायची, फक्त नारळाखाली नको. आमच्या बाजूच्या गाडीची काच फुटली होती.
उत्तरेकडं जाणार असाल तर गणपतीपुळ्यानंतर जयगड-तवसाळ फेरीबोट घ्या, गाडीसकट पलीकडं, मग गुहागर, मग धोपावे-दाभोळ अन् दापोली, तिथून वेश्वी-बागमांडला की हरिहरेश्वर. घाटावळणाचा मोठा फेरा वाचतो. पोरांना समुद्रापेक्षा बोटच जास्त आवडली. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त असतो, ट्रॅव्हलरची मागची पायरी घासू शकते, माणसं उतरवूनच गाडी चढवा.

अमरावतीवाला:
सीटा काढल्या ते आरसी बुकात चढवलं का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पाहा, परवानगीशिवाय गाडीत असा बदल चालत नाही, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. अन् आठ जण बसणार कशावर, दिवाणावर? चालत्या गाडीत बेल्टवाल्या सीटा पाह्यजेच. सिलेंडरही चालत्या गाडीत बंद ठेवजा. परत आल्यावर खालून गोड्या पाण्यानं धुवा, खाऱ्या हवेनं पत्रा गंजतो.

कास्तकार_आर्णी:
सगळ्याइचे आभार. आरसीचं खरंच डोक्यात नव्हतं, सोमवारी भाऊ आरटीओत जाऊन राह्यला, सीटाही घरीच पडल्या आहेत, चार परत बसवतो. वहिनी, पाऊणपटीचं बाबाले सांगितलं, ते लगेच पंचांग घेऊन बसले. पण कूलर काढाले ते तयार नाहीत, म्हणे सोलापूरच्या रातीले तर कामी येईन, घाटाखाली गेल्यावर त्याच्यात ठेचा-भाकरीचे डबे ठेवा.