मदत हवी आहे : भावाला स्वतःचं शरीर ‘किडकिडीत’ वाटतं, नाशिकमध्ये कुणाला दाखवावं?

धाकटा भाऊ, वय २२, राहणार इंदिरानगर. दीड वर्षापासून रोज दोन वेळा जिम. अंगकाठी चांगली भरलीय, तरी त्याला आपण काडीपैलवानच वाटतो. भर मे महिन्यात आत जाड बनियन आणि वर दोन टी-शर्ट घालतो. रात्री आरशासमोर टेप लावून दंड मोजतो आणि आकडा वहीत लिहितो. अर्धा सेंटिमीटर कमी भरला की जेवणाच्या ताटावरून उठतो. मावसभावाच्या हळदीलाही आला नाही.

फॅमिली डॉक्टरांना दाखवलं, थायरॉइडसह सगळे रिपोर्ट नॉर्मल. इंजेक्शन किंवा स्टेरॉइड घेत नाही म्हणतो. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर मीच बोलले, त्यांनी प्रत्यक्ष दाखवायला सांगितलं. वाचल्यावर ‘मसल डिसमॉर्फिया’ (अंग भरलेलं असूनही आपण बारीकच आहोत असं सतत वाटणं) हा शब्द सापडला. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तकात तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचाच (आपल्या दिसण्यात दोष आहे असं सतत वाटण्याचा आजार) एक प्रकार धरलाय आणि त्यावर सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) व काही औषधांचा उपयोग होतो. निदान मात्र मला करायचं नाहीये.

मुलगी जेवेनाशी झाली की घर जागं होतं. याला सगळे ‘काय तब्येत कमावलीस!’ म्हणतात, तिथेच अडतं.

“ताई, मी वेडा नाही,” एवढंच तो म्हणतो. जिम बंद कर किंवा समजावून सांग हे सल्ले नकोत, दोन्ही करून झालंय. पुण्या-मुंबईला दर आठवड्याला जाणं जमणार नाही, आणि एका भेटीला हजारापर्यंतच झेपेल.

नाशिकमध्ये तरुण मुलांसोबत सीबीटी करणारं कुणी अनुभवातलं आहे का? आणि तुमच्या घरातला मुलगा पहिल्या भेटीला नेमकं काय बोलल्यावर तयार झाला?