'वास्तववादी ध्येय' की 'झेपेल असा बेत'?
(बेळगाव भागातली चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं ठिकाण आहे.)

टिळकवाडी
बचत गटातल्या महिला आणि पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं यांच्यासाठी वर्षभराच्या नियोजनाचा एकपानी तक्ता मराठीत करायचा आहे. मूळ कन्नड तक्त्यात पहिला रकाना आहे 'साधिसबहुदाद गुरी', म्हणजे साधता येईल असं ध्येय. मी 'वास्तववादी ध्येय' असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडलं. त्यांचं म्हणणं, वास्तववादी कादंबरी असते, ध्येय नव्हे. त्यांनी सुचवलेलं 'साध्य उद्दिष्ट' मला कोर्टाच्या कागदातलं वाटतं. सोमवारी छपाईला द्यायचं आहे. काय लिहावं?

येळ्ळूर
बाईंचं बरोबर आहे. '-वादी' म्हणजे ते मत मानणारा: आशावादी, समाजवादी. माणूस वास्तववादी असतो, त्याचं ध्येय नाही. शिवाय ध्येय, उद्दिष्ट आणि लक्ष्य एकमेकांच्या जागी वापरू नका. ध्येय 'ध्यै' धातूवरून, ज्याचं ध्यान करायचं ते. उद्दिष्ट 'दिश्'वरून, बोट दाखवून सांगितलेलं. लक्ष्य म्हणजे नेम धरायची खूण. तक्त्यात 'ध्येय' छापलंत की लोक 'मुलांना चांगलं शिकवणे' लिहिणार. ते खरंच ध्येय आहे, पण त्याला तारीखही नाही आणि आकडाही नाही. तिथे 'उद्दिष्ट'च हवं.

निपाणी
गटातल्या बायकांना 'उद्दिष्ट' शब्द चांगला माहीत आहे, आणि तिथेच अडचण आहे. त्यांच्या कानावर तो येतो तो वसुलीचं उद्दिष्ट, कर्जवाटपाचं उद्दिष्ट असा, म्हणजे वरून आलेला. स्वतः ठरवलेल्या गोष्टीला घरात कोणी उद्दिष्ट म्हणत नाही. 'बेत' म्हणतात. बेत म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप येतात: कधी, कोण कोण, किती खर्च. तक्त्याला हेच तर हवंय.

येळ्ळूर
बेत जेवणाचा असतो किंवा सहलीचा. पाच वर्षांच्या शिक्षणाला बेत म्हणणार का?

निपाणी
घर बांधायचा बेत म्हणतातच की. आणि तक्ता एका वर्षाचा आहे, पाच वर्षांचा नव्हे.

कडोली
'झेपेल असा' हे शब्द त्यात आणा. झेप जिथवर पोचते तेवढंच झेपतं. 'वास्तववादी'चा सगळा अर्थ या एका क्रियापदात आहे.

येळ्ळूर
झेप आणि झेपणे यांचं नातं ऐकायला छान आहे, पण पुरावा हवा. झेप घेतली की माणूस जमीन सोडतो. झेपणं हे वजन पेलण्याचं काम आहे. दोन्ही शब्द एकाच कुळातले असतील असं नुसत्या ध्वनीवरून ठरत नाही.

कडोली
अर्थ तर चालतो ना? 'अंथरूण पाहून पाय पसरावे' आपण म्हणतो, कन्नडमध्येही 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. दोन्ही भाषांतल्या लोकांना कल्पना तयार मिळते.

हलशी
ती म्हण पाय आखडून घ्यायला सांगते. तक्त्याला तेवढंच नको आहे. 1968 साली मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी मांडलं होतं की नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट असेल तर 'जमेल तेवढं करा' यापेक्षा जास्त काम होतं. म्हणून 'झेपेल' याचा अर्थ 'सोपं' होऊ देऊ नका.

आता मूळ घोळाकडे. हे तक्ते 'स्मार्ट' (SMART) या पाच इंग्रजी अक्षरांवर बेतलेले असतात; एकेक अक्षर म्हणजे चांगल्या उद्दिष्टाची एकेक कसोटी. जॉर्ज डोरन यांनी 1981 साली ती मांडली तेव्हा 'ए' अक्षर 'काम कोणाकडे सोपवलं' यासाठी होतं आणि 'आर' वास्तवाला धरून असण्यासाठी. पुढे बऱ्याच ठिकाणी 'ए'चं 'साध्य होण्याजोगं' झालं. मग मराठी करताना 'साध्य' आणि 'वास्तववादी' असे एकाच अर्थाचे दोन रकाने होतात, आणि बायका दोन्हींत 'होय' लिहून मोकळ्या होतात. त्यातला एक काढा आणि त्या जागी 'कोण करणार?' असं साधं लिहा. घरातल्या बेताला तो रकाना फार लागतो. सकाळी सहाला अभ्यासाला बसायचं असेल तर पाणी कोण भरणार, हे तिथेच ठरतं.

टिळकवाडी
दोन रकाने एकच होतात हे अगदी बरोबर. काढते. पण पहिल्या रकान्याचं नाव अजून ठरलं नाही.

निपाणी
नावाआधी तक्त्यातलं गणित बघा, ताई. समजा शिलाईच्या कामासाठी वर्षात 24,000 रुपये जमवायचे आहेत. सगळे 12 भागून महिना 2,000 लिहितात. पण शाळा उघडतात तेव्हा वह्या-पुस्तकं येतात आणि गणपतीत पैसा हातात राहत नाही. ते दोन महिने आधीच रिकामे सोडा आणि उरलेल्या दहांत 2,400 धरा. रक्कम तेवढीच होते, पण हप्ता चुकला म्हणून बेत मोडत नाही. ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनी बिल जमा झाल्यावरच मोठा हप्ता लावावा, बिलाच्या अंदाजावर नको.

हलशी
खानापूर भागात पैशाइतकाच वेळेचाही विचार हवा. मे महिन्यात आखलेला सहा महिन्यांचा बेत भाताच्या लावणीत अडकतो. त्या आठवड्यांत रोज एक तास असं लिहूच नये. वेळेचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. 1994 सालच्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पुरा व्हायला सरासरी 33.9 दिवस लागतील असं सांगितलं, लागले 55.5. 'सगळंच बिघडलं तर?' असं विचारून घेतलेला अंदाजसुद्धा 48.6 होता. म्हणून मनातल्या वेळेच्या दीडपट धरा, तीही कमीच पडते. त्यापेक्षा असलंच काम मागच्या वेळी किती दिवसांत झालं होतं ते विचारा आणि तो आकडा लिहा.

अथणी
पीयूसीच्या मुलांसाठी नमुना म्हणून 'कन्नड वाचायला शिकणे' घ्या. मराठी माध्यमातल्या मुलांना तो लगेच कळेल. वर्णमालेत अक्षरं 49: स्वर 13, योगवाह (अं, अः) 2, व्यंजनं 34. रोज तीन धरली तर 17 दिवस, उजळणीसकट चार आठवडे. मग कागुणित, शेवटी ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहायचं व्यंजन. बहुतेक जण ओत्तक्षरांपाशी सोडतात, कारण खाली लटकलेलं अक्षर काही ठिकाणी मूळ अक्षरासारखं दिसतच नाही. तिथे वेळ दुप्पट ठेवा. 'म' आणि 'य' एकाच दिवशी शिकवू नका, आकार सारखे आहेत. ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ' मराठीत वेगळे लिहीत नाहीत, त्यांना दोन दिवस वेगळे द्या.

येळ्ळूर
कागुणित म्हणजे बाराखडी. मराठी तक्त्यात कन्नड शब्द कशाला?

अथणी
कारण पुस्तकात 'कागुणित' छापलेलं असतं आणि मुलाला पुस्तकातच शोधायचंय. बाराखडी म्हणून मराठी ओळखीतून समजावून सांगा, पण नाव तेच ठेवा.

कडोली
आणि 'रोज 20 मिनिटं वाचीन' असं लिहू देऊ नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं 'जर-तर'चं काम हेच सांगतं: कृती एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधली की ती जास्त वेळा होते. आपल्या मराठीत 'की' आहेच. 'भांडी आवरली की कागुणित.' 'बसमध्ये जागा मिळाली की दहा शब्द.' तक्त्यात '......... की .........' अशी दोन टिंबटिंबांची ओळ छापा. समजावून सांगावं लागणार नाही.

टिळकवाडी
ही ओळ नक्की घेते. शेवटच्या रकान्याला 'डेडलाइन' ठेवू का? मुलं तोच शब्द वापरतात.

येळ्ळूर
'कालमर्यादा' लिहा. 'मुदत' अरबीतून आलेला आहे, डेडलाइन तर इंग्रजीच.

निपाणी
फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा शिवकालीन राज्यव्यवहारकोश होऊन साडेतीनशे वर्षं होत आली, तरी 'मुदत' सोसायटीच्या पासबुकात ठाण मांडून आहे. मुदत ठेव माहीत नाही असं घर दाखवा. जो शब्द पैशाच्या कागदावर रोज दिसतो तो परका कसा?

अथणी
कन्नडमध्ये 'गडुवु' म्हणतात. सीमाभागात दोन्ही कळतात.

हलशी
'मुदत'च ठेवा, पण तिचा एक दोष ध्यानात घ्या: मुदत वाढवून घेता येते, याची कर्जामुळे सवय आहे. म्हणून शेजारी आणखी एक रकाना हवा, मुदत वाढवायची तर बेतातलं काय कमी करणार. तारीख पुढे गेली आणि काम तेवढंच राहिलं तर तो बेत पुढच्या गणपतीलाही तिथेच असतो. दर महिन्याच्या पहिल्या बैठकीत 'फेरतपासणी' ठेवा.

निपाणी
फेरतपासणी उत्तरपत्रिकेची होते. 'आढावा' म्हणा.

येळ्ळूर
आढावा गट घेतो. आपल्याच लिहिलेल्या आकड्याशी आपण जुळवून पाहतो तो 'ताळा'. ताळा जुळला नाही तर चूक कुठे झाली ते शोधावं लागतं, आढाव्यात नुसतं सांगून सुटता येतं.

टिळकवाडी
पैशाचा ताळा कळला. कन्नड वाचनाचा कसा घ्यायचा?

अथणी
दर रविवारी दुकानांच्या आणि बसच्या पाट्यांवरचे 20 नवे शब्द वाचायला द्या. अडलेल्या शब्दातलं नेमकं अक्षर लिहून ठेवा. सलग तीन रविवार तेच अक्षर आलं तर पुढचा धडा थांबवा.

येळ्ळूर
'ताळा घेणे' नव्हे, 'ताळा करणे'. छापण्याआधी तेवढं बघा.

निपाणी
आमच्याकडे 'ताळा पाहणे' म्हणतात.