जुने व्हिडिओ गेम ठेवले की विकले? आपापले अनुभव लिहा

माळ्यावरची ट्रंक

मंडळी, फोंड्याचं घर रिकामं करायचं चाललंय. आई आता पर्वरीला आमच्या फ्लॅटवर असते, आणि भावाचं म्हणणं चवथीच्या आधी निदान माळा तरी साफ करूया. माळ्यावर माझी पत्र्याची ट्रंक सापडली. सापडली म्हणजे आहे हे माहीत होतंच, उघडायचा धीर नव्हता. आत गेम खेळायची मशिनं: एक मीडिया, एक लिटल मास्टर (हा चुलतभावाचा, परत करायचा राहिला, ३० वर्षं होत आली), सेगा मेगा ड्राइव्ह, पीएस वन, पीएस टू, मामाने आणलेला गेम बॉय, आणि गेमच्या कॅसेटी मोजून ७३. मीडियात कॅसेट घालायची फट असते ना, त्यात पालीची दोन अंडी. फुटलेली, म्हणजे पिल्लं तिथूनच बाहेर पडली असणार. आईने बघितलं आणि म्हणाली, "हें अजून उडोवंक ना रे तुवें?" (अजून टाकलं नाहीस?)

फ्लॅटवर एकच कपाट रिकामं आहे. बायको ठेवू नको असं म्हणत नाही, कुठे ठेवणार ते सांग म्हणते, जे त्याहून कठीण आहे. मुंबईच्या एका खरेदी-विक्रीवाल्याला फोटो पाठवले, तो सगळ्याचे मिळून २२ हजार म्हणतोय. मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. ज्यांनी विकलं, ज्यांनी ठेवलं, सगळ्यांनी लिहा. सल्ला नको, तुमचं काय झालं तेवढंच.

मडगाव ते मालभाट

विकलं. २०१६ साली, लॉटमध्ये, ९ हजारांना, गाडीच्या डिकीत घालून स्टेशनवर नेऊन दिलं. तीन महिन्यांनी माझीच एक कॅसेट (माझीच, कारण मागे माझ्या पेनाने लिहिलेलं आद्याक्षर होतं) त्या माणसाने एकटीच ६ हजारांना लावलेली दिसली. राग त्याच्यावर नाही, त्याचा धंदा आहे, राग माझ्यावर, की एकही कॅसेट उघडून बघितली नाही. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटी डुप्लिकेट असतात, आत पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसतो, त्याच्याखाली चिप. ओरिजिनलमध्ये चौकोनी चिपा असतात, त्यावर छापलेलं असतं. निन्टेंडोच्या ओरिजिनल गेम बॉयच्या कॅसेटीला साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, ३.८ एमएमचा वेगळा बिट लागतो, स्वस्तात मिळतो. तो बिट मी लॉट विकल्यावर घेतला. अजून ड्रॉवरमध्ये आहे, उघडायला काही नाही.

तारवटी

मी जहाजावर होतो २६ वर्षं, आता रिटायर, वास्कोला. जपानच्या बंदराला लागलं की पोरं बिअर शोधायची, मी सेकंडहँड दुकानं. १९८३ मध्ये निन्टेंडोचा जो पहिला फॅमिकॉम (गेमचं मशीन) निघाला, लाल-पांढरा, तो तिथूनच उचलला. घरी आणून भोळेपणाने त्याचा अॅडॉप्टर भिंतीत लावला. जपानात करंट १०० व्होल्टचा, आपला २३०. असा वास सुटला की शेजारची आजी विचारायला आली, काय करपलं. नशीब, अॅडॉप्टरच गेला, मशीन वाचलं. मग ट्रान्सफॉर्मर घेतला, तरी आपल्या टीव्हीवर चित्र येईना, त्यांची सिस्टीम वेगळी, म्हणून पुढच्या जहाजाच्या फेरीला टीव्ही पण तिकडूनच आणला. बायको अजून हा हिशेब काढते.

विकायला खूप जणांनी सांगितलं. त्या फॅमिकॉमच्या दोन नंबरच्या कंट्रोलरवर बारीक माइक आहे, त्यात बोललं की आवाज टीव्हीतून येतो. माझा मुलगा गेम खेळायचाच नाही, त्या माइकमधून आरती म्हणायचा, सकाळ-संध्याकाळ. मी सहा-सहा महिने घरी नसायचो तेव्हाचं हे, मला पत्रातून कळायचं. आता तो जहाजावर आहे आणि मी घरी. वायर कंट्रोलरजवळ तुटायला आलीय, टेप लावून ठेवलीय. विकणार नाही.

डिचोलीची धाकटी

सगळे ठेवलं-ठेवलं म्हणतायत, पण ठेवतं कोण ते लिहा की. माझा दादा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला, स्विंडनला गेला, जाताना मला म्हणाला, "बाय, माझ्या गेमांना हात लावू नको हं, विकू तर मुळीच नको." बरं. मग आमच्याकडे मिरग लागला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तर त्याच्या सीड्यांवर नाही येणार? एका वर्षी पीएस वनच्या सीड्या बघितल्या तर कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी. तेव्हापासून दर वर्षी गणपतीच्या आधी माझे दोन दिवस यात जातात. मऊ कपडा घ्यायचा, मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही, कंट्रोलरच्या रबरी बटणांखालचा चिकटा काढायचा, सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या, डबे बंद करायचे. दादा व्हिडिओ कॉलवर "निळा डबा दाखव, आता पिवळा दाखव" करत असतो, मी घामाने भिजलेली, तो तिकडे आरामात.

मागच्या वर्षी मी सांगून टाकलं, एक तर डिह्युमिडिफायरचे (हवेतला ओलावा ओढणाऱ्या मशीनचे) पैसे पाठव नाहीतर ये आणि ने. पैसे आले. मशीन मी माझ्या खोलीत लावलंय, गेम पण माझ्या खोलीत आणले. काय करणार, ते मशीन सोडून झोपवत नाही आता. टाकी दिवसाला एकदा भरते, जुलैत दोनदा.

सोल्डर

म्हापशाला बाबांचं टीव्ही रिपेअरचं दुकान होतं, आता मी मोबाइल करतो. दोन गोष्टी. कॅसेटीत फुंकर मारणं बंद करा, सगळे करायचो, पण तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि आपल्या हवेत हिरवा गंज चढायला तेवढंच पुरतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडी, बस. दुसरं, जुना डब्बा टीव्ही मशिनच्या आधी विकू नका. बदकं मारायच्या गेमच्या बंदुकीचा ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदूक तो उजेड बघते. एलईडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. आमच्या दुकानातले ११ टीव्ही मी भंगारवाल्याला वजनावर दिले, आणि आता आठवड्यातून एक तरी फोन येतो, भाऊ टीव्ही आहे का.

कदंबातला खिडकीवाला

पीएस टू विकला, चार हजार आले, बाइकचं टायर घातलं. काहीही वाटलं नाही. जगात १५ कोटींच्या वर विकला गेलाय तो, माझा एक कमी झाला तर काय. फक्त २००९ चा हनुमानवाला गेम ठेवायला हवा होता, हैदराबादला बनलेला. खेळायला भंगार होता, पण पीएस टूवर आपल्याकडे बनलेले गेम होते किती?

साखळी, पण बसस्टँडजवळ नाही

माझा अनुभव वाईट आहे. मावसभाऊ आणि मी एकाच गेम बॉयवर पोकेमॉन खेळायचो, सेव्ह (खेळ कुठवर आला ते जपून ठेवलेलं) एकच, त्यामुळे भांडणं पण रोजची. तो २०१९ ला गेला. कॅसेट माझ्याकडे होती. एकदा वाटलं नीट करून ठेवूया, आत नाण्याएवढा सेल असतो, तो जुना झालाय, बदलूया. यूट्यूब बघून सेल काढला, नवीन लावला, चालू केली तर "न्यू गेम". सेव्ह त्या सेलच्याच जिवावर असतो, सेल काढला की गेला. आधी कॉम्प्युटरवर कॉपी काढून घ्यायची असते, हे नंतर कळलं. सेल बदलला नसता तरी कधीतरी संपलाच असता, हे कळतं मला. ट्रंकवाले, तुमच्या मामाचा गेम बॉय असेल तर आधी हे करा, बाकी विकायचं ते विका.

माळ्यावरची ट्रंक

सगळ्यांचे आभार, साखळीवाल्यांना काय लिहू कळत नाही. तुमचं वाचून गेम बॉयची कॅसेट तशीच डब्यात घातली, कॉपी काढणारं मशीन मागवलंय, तोवर हात नाही लावणार. ३.८ चा बिट पण आला. ७३ पैकी ६९ काळा गोळावाल्या निघाल्या, त्यातली एक ९९९९ इन वन, जिच्यात खरे गेम २५-३० असतील, बाकी तेच तेच नाव बदलून. म्हणजे २२ हजार तो मला देत होता ते त्या उरलेल्या चारांसाठी आणि सेगासाठी. लॉट देणार नाही असं कळवलं, तर म्हणाला सेगा एकटा द्या. विचार करतोय. डिचोलीच्या ताईंचं वाचून बायकोने कपाटाचा खालचा एकच कप्पा दिलाय आणि पुसायचं कोणी हे आधीच ठरवून घेतलंय. मी.

आणि हो, पहिलं काम केलं, रविवारी लिटल मास्टर घेऊन चुलतभावाकडे शिरोड्याला गेलो. त्याने पिशवीतून काढला, उलटासुलटा करून बघितला, बायकोला बोलावून दाखवला आणि म्हणाला, "अरे हा माझा नव्हेच. माझ्याच्या मागे गरम इस्त्रीचा डाग होता." आता हा कोणाचा?