मदत हवी आहे : मोठ्या ऑडिट फर्मच्या मुलाखतीत छोट्या ऑफिसातले काम कसे मांडावे?

नमस्कार.

मी नाशिकची. बी.कॉम. झाले आहे, सीए इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पूर्ण आहेत आणि तीन वर्षांची आर्टिकलशिपही (सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) संपली आहे. (आमची नोंदणी १ जुलै २०२३ पूर्वीची, म्हणून तीन वर्षे; त्यानंतर नोंदणी झालेल्यांची दोन वर्षांत सुटका होते.) फायनलचा पहिला ग्रुप निघाला. दुसऱ्या ग्रुपमध्ये प्रत्येक पेपरला चाळीसच्या वर गुण असूनही एकूण बेरीज ३०० पैकी १४३ झाली, म्हणजे सात गुणांनी राहिला. पुढच्या परीक्षेपर्यंत घरी बसण्याऐवजी मोठ्या फर्मच्या ऑडिट विभागात सेमी-क्वालिफाइड उमेदवारांसाठी जी सुरुवातीची पदे असतात, त्यांसाठी मी अर्ज करीत आहे. ‘बिग फोर’ म्हणतात त्या डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी, तसेच त्यांच्या खालोखालच्या काही फर्म माझ्या यादीत आहेत. त्यांपैकी एका फर्मची मुलाखत दोन महिन्यांपूर्वी झाली आणि नकार आला. फर्मचे नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. दुसऱ्या एका फर्मची मुलाखत बारा दिवसांनी पुण्याला, प्रत्यक्ष जाऊन द्यायची आहे.

माझी आर्टिकलशिप शालिमार परिसरातल्या एका लहान ऑफिसात झाली. सर, त्यांच्याकडे नोकरीला असलेले एक सीए आणि आम्ही सात आर्टिकल. क्लायंट म्हणजे सातपूर-अंबडचे जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम) करणारे कारखाने, पिंपळगावचे व्यापारी, दोन पतसंस्था आणि बरेच डॉक्टर. कामाचा तुटवडा कधीच नव्हता. टॅलीतल्या नोंदी, जीएसटीचा टू-बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून तयार होणारा तक्ता) जुळवणे, टॅक्स ऑडिट, कंपन्यांचे ऑडिट हे सगळे हातून गेले आहे. तरीही मुलाखतीत मी पाचव्या मिनिटाला अडखळले.

‘तुम्ही केलेल्या एखाद्या ऑडिटबद्दल सांगा,’ असा साधा प्रश्न होता. मी अंबडच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव घेऊन सुरुवात केली आणि आम्ही वाउचिंग केले (नोंदी बिलांशी ताडून पाहिल्या), आम्ही स्टॉक तपासला, आम्ही देणेकऱ्यांची यादी जुळवली, असे सांगत गेले. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी मला थांबवून विचारले, ‘ह्यात तुम्ही स्वतः काय केले?’ मी पुन्हा ‘आम्ही’नेच सुरुवात केली. मुलाखत इंग्रजीत होती, पण अडचण इंग्रजीची नव्हती. घरी आणि ऑफिसात ‘मी केले’ असे म्हणणे शिष्टपणाचे वाटावे, अशाच वातावरणात आपण वाढतो, आणि ती सवय भाषा बदलली तरी सुटत नाही.

पुढचा प्रश्न मटेरियॅलिटीचा होता : चूक किती रकमेची असली की तुम्ही तिला मोठी म्हणत होतात? मी म्हटले, ते सर ठरवत असत. हे खरेच आहे, पण त्यानंतर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते.

शेवटी दोन प्रश्न असे आले, की ते कशासाठी विचारले हेच मला तेव्हा कळले नाही. पहिला, क्लायंटने भेटवस्तू दिली तर काय कराल? मी जे घडते ते सांगितले : फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडे कामाला गेलेल्या आर्टिकलच्या स्कूटीवर द्राक्षांची पेटी बांधून दिल्याशिवाय तिकडचा माणूस सोडत नाही, आणि नको म्हटले तर त्याला वाईट वाटते. समोरचे दोघेही हसले. उत्तर आवडले, असे मला तेव्हा वाटले होते. दुसरा, तुमच्याकडे किंवा घरात कोणाकडे शेअर्स आहेत का? मी म्हटले, भावाकडे आहेत, पण कोणते ते मला ठाऊक नाही.

माझे प्रश्न असे आहेत. लहान ऑफिसातले काम मोठ्या फर्मला पटेल अशा रीतीने, खोटे न बोलता, कसे सांगावे? मटेरियॅलिटीबद्दल विचारले तर काय म्हणावे? राहिलेल्या ग्रुपचा विषय स्वतःहून काढावा की विचारण्याची वाट पाहावी? आणि ‘आमचीच फर्म का?’ ह्याला मुलाखतीत खरे वाटेल असे कोणते उत्तर असू शकते?

सांगण्यासारखा मोठा प्रसंग माझ्याकडे नाही. एक छोटासा आहे, पण तो सांगण्याजोगा आहे की नाही, ह्याची खात्री वाटत नाही. त्याच अंबडच्या कारखान्यात, जिथे लेथवर पितळेचे सुटे भाग करतात, ३१ मार्चला मी आणि एक ज्युनिअर स्टॉक मोजायला गेलो होतो. रॅकवरच्या पितळी सळ्यांपैकी काहींच्या टोकांना पिवळा आणि काहींच्या टोकांना निळा रंग फासलेला होता, स्टॉकशीटवर मात्र सगळ्या एकाच ओळीत, १,८४० किलो, अशा लिहिलेल्या होत्या. मी स्टोअरकीपर काकांना निळ्या रंगाचे विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘ते पार्टीचं मटेरियल, आपलं नाही.’ निळ्या सळ्या वेगळ्या काढून वजन केले तर ६२० किलो भरले. जॉबवर्कच्या चलनांशी वजन जुळले, मी सरांना सांगितले आणि सरांनी तेवढा माल स्टॉकमधून कमी करायला लावला. शीटवरचा दर किलोला ५५० रुपये होता आणि कंपनीचा करपूर्व नफा साधारण ४२ लाख होता. एवढेच.

*

प्रतिसाद १

मीही नाशिकच्याच एका लहान ऑफिसातून मोठ्या फर्ममध्ये गेलो. राहिलेल्या ग्रुपबद्दल एकच सांगतो : स्वतःहून, एका वाक्यात आणि आकड्यासकट सांगावे. ‘दुसरा ग्रुप सात गुणांनी राहिला, पुढच्या परीक्षेला बसणार आहे.’ त्यापुढे पेपर कठीण होता वगैरे काहीही जोडू नये. परीक्षेसाठी किती रजा मिळेल, हे मात्र मुलाखतीच्या शेवटी नि:संकोच विचारावे. सेमी-क्वालिफाइड उमेदवारांकडून हा प्रश्न अपेक्षितच असतो.

पुण्याला आदल्या संध्याकाळीच पोहोचा. चाकणच्या कोंडीत एसटी अडकली, तर मुलाखतीची वेळ तिथेच निघून जाईल.

*

प्रतिसाद २

मी अशाच एका फर्ममध्ये काही वर्षे होतो आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्यांत असे. आता नाशिकला एका कारखान्याच्या लेखा विभागात आहे.

ताई, ज्या प्रसंगापुढे तुम्ही ‘एवढेच’ असे लिहिले आहे, तेच तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आहे. स्टॉक मोजताना माल जागेवर आहे का, हे बहुतेक आर्टिकल पाहतात. तुमच्या बाबतीत माल जागेवर होता आणि वजनही बरोबर होते. तो कंपनीच्या मालकीचा नव्हता. ऑडिटच्या मानकांत अस्तित्व आणि हक्क ही दोन वेगळी विधाने मानली आहेत आणि ती वेगळी का आहेत, हे तुमच्या निळ्या सळ्यांइतके स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला मुलाखतींत क्वचितच ऐकायला मिळाले. त्या सळ्या शीटवर राहिल्या असत्या तर ६२० गुणिले ५५० म्हणजे ३,४१,००० रुपयांनी अखेरचा साठा फुगला असता, त्या मालासमोर कोणाचेही देणे उभे नसल्याने मालाचा खर्च तितकाच कमी दिसला असता आणि नफा तितकाच वाढला असता. हे शेवटचे वाक्य अवश्य बोला, कारण स्टॉक आणि नफा ह्यांचा संबंध उमेदवाराला तोंडी जोडता येतो का, हे आम्ही मुद्दाम पाहत असू.

आता मटेरियॅलिटी. लेखापरीक्षण मानक ३२० मध्ये उदाहरण म्हणून, उत्पादन करणाऱ्या आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेच्या बाबतीत करपूर्व नफ्याच्या ५ टक्के रक्कम योग्य वाटू शकते, असे म्हटले आहे. हा नियम नव्हे, हा ऑडिटरच्या निर्णयाचा भाग आहे, आणि हेही मुलाखतीत सांगावे. ४२ लाखांचे ५ टक्के म्हणजे २,१०,०००. तुमची चूक त्याहून मोठी निघते! ‘मर्यादा सरांनी ठरवली होती, पण ह्या मापाने पाहिले तर ही चूक दुरुस्त केल्याशिवाय सोडता आली नसती,’ असे उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही आहे. मर्यादा स्वतः ठरवल्याचे सोंग आणू नका, कारण पुढचे दोन प्रश्न त्यावरच येतील आणि ते सोंग उघडे पडेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही मुलाखतीत क्लायंटचे नाव घेतले. माझ्या मते ‘आम्ही’पेक्षा तेच जास्त महागात पडले असावे. आज आमच्यासमोर जुन्या क्लायंटचे नाव घेणारी व्यक्ती उद्या दुसऱ्यासमोर आमच्या क्लायंटचे घेईल, असा हिशेब समोरचा माणूस मनात करतो. ‘अंबडमधील सुटे भाग बनवणारी एक खासगी कंपनी’ एवढे म्हणणे पुरते.

द्राक्षांची पेटी आणि भावाचे शेअर्स हे दोन्ही प्रश्न एकच आहेत, आणि ते ऑडिटरच्या स्वातंत्र्याचे, म्हणजे क्लायंटशी हितसंबंध नसण्याचे आहेत. सीएंच्या आचारसंहितेनुसार अगदी किरकोळ आणि नगण्य किमतीची भेट सोडली तर क्लायंटकडून काही घेऊ नये. तुमचे द्राक्षांचे उदाहरण सोडू नका, फक्त पुढे जोडा : पेटी नाकारता आली नाही तर त्याच दिवशी मॅनेजरला कळवीन आणि पुढे काय करायचे ते फर्मच्या नियमाप्रमाणे ठरेल. शेअर्सच्या बाबतीत कंपनी कायदा २०१३ चे कलम १४१ वाचून जा. ऑडिटरकडे किंवा त्याच्या भागीदाराकडे त्या कंपनीचा एकही शेअर चालत नाही. नातेवाइकांना दर्शनी मूल्याने एक लाख रुपयांपर्यंत मुभा आहे. नोकरीला लागणाऱ्यांवर फर्म ह्याहून कडक नियम लावतात आणि गुंतवणुकीची माहिती लिहून घेतात. म्हणून भावाला आजच यादी विचारून ठेवा. ‘ठाऊक नाही’ हे ह्या प्रश्नाचे सर्वांत वाईट उत्तर आहे.

‘आमचीच फर्म का?’ ह्यावर फर्मच्या संकेतस्थळावरची वाक्ये परत ऐकवू नका, ती आम्हाला पाठ असतात. भारतात कंपन्यांच्या ऑडिट अहवालांवर ह्या जागतिक नावांची नव्हे, तर सीए इन्स्टिट्यूटकडे नोंदणी असलेल्या, त्यांच्या जाळ्यातल्या भारतीय फर्मची सही असते. जसे ईवायच्या बाबतीत एस. आर. बाटलीबॉय, केपीएमजीच्या बाबतीत बी एस आर अँड कंपनी. ज्या फर्मकडे जाणार आहात, तिच्या सहीचा एखाद्या शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचा अहवाल काढा आणि त्यातल्या ‘की ऑडिट मॅटर्स’ ह्या भागातला एकच मुद्दा नीट वाचा. ऑडिटरला तिथे धोका कोणता वाटला आणि त्यावर त्याने काय तपासले, दोन्ही तिथेच लिहिलेले असते. ‘हे काम मला शिकायचे आहे, आणि आमच्या ऑफिसात इतक्या मोठ्या प्रमाणावर ते नव्हते,’ असे त्यानंतर म्हटले, तर ते पोकळ वाटत नाही.

सत्यम कॉम्प्युटर्सच्या घोटाळ्याचा विषयही निघू शकतो. कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू ह्यांच्या ७ जानेवारी २००९ च्या पत्रात ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली होती. तिथे इतिहास सांगत बसू नका. बँकेचे शिल्लक-प्रमाणपत्र क्लायंटच्या हातून न घेता ऑडिटरने थेट बँकेकडून का मागवायचे, हे स्वतःच्या पतसंस्थेच्या कामातून सांगा.

‘आम्ही’ची सवय मोडायला मी आमच्या ज्युनिअरांना एक करायला लावत असे : प्रसंग आधी मराठीत कागदावर लिहायचा, प्रत्येक क्रियापदाशेजारी ते कोणी केले हे लिहायचे, आणि मगच इंग्रजीत बोलायचे. मोजले कोणी, विचारले कोणी, ठरवले कोणी.

*

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री कागदावर लिहून पाहिले. ‘सळ्यांचा रंग मी पाहिला. स्टोअरकीपरना मी विचारले. वेगळे वजन ज्युनिअरने केले, मी समोर उभी होते. चलने मी जुळवली. स्टॉकमधून कमी करण्याचा निर्णय सरांचा.’ असे लिहिल्यावर लक्षात आले, की पाचपैकी तीन गोष्टी माझ्या होत्या, आणि मुलाखतीत मी त्यांपैकी एकही माझी म्हटली नव्हती. भावाची यादीही आली. अकरा कंपन्या आहेत, त्यांपैकी दोघींचे ऑडिट नेमके ह्याच फर्मकडे आहे. हे मुलाखतीत सांगू की निवड झाल्यावर?

*

प्रतिसाद २

विचारले तर मुलाखतीतच, कंपन्यांच्या नावांसकट सांगा. नाही विचारले तर निवड झाल्यावर रुजू होण्यापूर्वी जो फॉर्म येईल, त्यात भरा. भावाला लगेच शेअर्स विकायला लावू नका. विकायचे की नाही, हे त्या दोन कंपन्यांच्या ऑडिटवर तुम्हाला घेणार की नाही, ह्यावर ठरते, आणि ते फर्म सांगेल.

आणि सरांना एकदा विचारून घ्या, त्या दिवसाच्या मोजणीचा कागद फाइलमध्ये लागला आहे ना. ‘हे तुम्ही कुठे लिहून ठेवले?’ असा प्रश्न मी असतो तर नक्की विचारला असता.