मदत हवी आहे: बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर, वॉर्डात जायच्या आधी काय काय करून ठेवू?

पहिलीच_पाळी

नमस्कार ताई-दादांनो. परळच्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश पक्का झालाय, पुढच्या महिन्यात वर्ग सुरू. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सायन्स. राहायला कल्याण. हॉस्टेलच्या यादीत नाव आहे, पण मिळेलच असं नाही. कॉलेजने गणवेशाचा कागद दिलाय, बाकी काहीच कळलेलं नाही.

१. वर्ग सुरू व्हायच्या आधी काय उरकून घ्यावं?
२. कोणत्या वस्तू विकत घेऊ आणि कशावर पैसे घालवू नको?
३. इंग्रजी पुस्तकं झेपतील का? कुठून सुरुवात करू?
४. पहिल्या सेमिस्टरला मुली नेमक्या कशात अडकतात?

स्किललॅब

अभिनंदन! आधी हिपॅटायटिस बीची लस. बूट, पुस्तकं, स्टेथोस्कोप एका दुपारी आणता येतात. लशीला सहा महिने जातात. पहिला डोस, त्यानंतर एका महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. या आठवड्यात सुरुवात केलीस तर वॉर्डातली पोस्टिंग लागेपर्यंत दोन डोस पदरात पडतील. लहानपणी घेतली असेल तर लसीकरणाचं कार्ड शोधून डॉक्टरांना दाखव, सगळे डोस पुन्हा लागतीलच असं नाही. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लशीने रक्तात किती संरक्षण तयार झालं ते सांगणारी तपासणी) करून घे. १० किंवा त्याहून जास्त आला म्हणजे संरक्षण तयार झालं. कमी आला तर पुन्हा पूर्ण फेरी घ्यावी लागते. हे टायटर बहुतेक जणी राहूनच देतात, आणि सुई टोचल्यावर तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. कांजिण्या, गोवर-रुबेला आणि धनुर्वाताचं काय झालंय तेही त्याच फेरीत विचारून घे.

सुई टोचली तर काय करायचं, हे आत्ताच पाठ करून ठेव, त्या क्षणी डोकं चालत नाही. जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. पिळून रक्त काढायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच लावायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. लगेच वॉर्डच्या सिस्टरना आणि आपल्या मॅडमना सांगायचं. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या लागणार असतील तर दोन तासांच्या आत सुरू झालेल्या उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. ओरडा बसेल म्हणून गप्प राहणं हा यातला सगळ्यात मोठा धोका.

आता अभ्यास. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१-२२ पासून सेमिस्टर पद्धत आणली: चार वर्षं, आठ सेमिस्टर. पहिल्यात कम्युनिकेटिव्ह इंग्लिश, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन १. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पेपर एकच, दोन सेक्शनचा, सोशिऑलॉजी-सायकॉलॉजीचंही तसंच. अडकायला होतं ते पहिल्या जोडीत. अ‍ॅनाटॉमी चित्रं काढून होते, पण फिजिऑलॉजीला 'का' लिहावं लागतं. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात, पण इंग्रजीला ४०. थिअरीची हजेरी ८० टक्के चालते, पण क्लिनिकलची १०० टक्के लागते. म्हणजे वॉर्डातला बुडालेला प्रत्येक दिवस पुढे भरून द्यावा लागतो, आजारी पडलीस तरी. भरपाईचे दिवस नेमके परीक्षेच्या तोंडावर येतात, म्हणून सुरुवातीला उगाच सुट्टी घालवू नकोस.

इंग्रजीची भीती नको. वैद्यकीय शब्द तुकड्यांचे बनलेले असतात. आयटिस आलं की दाह, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, ऑटॉमी म्हणजे छेद, ऑस्टॉमी म्हणजे नवं तोंड करून देणं, टॅकी जलद, ब्रॅडी मंद. असे पन्नासेक तुकडे वहीत लिहून ठेवलेस तर पहिल्या दोन महिन्यांतलं निम्मं वाचन सोपं होईल. मराठीतून समजून घे, लिहिताना इंग्रजीत लिही, आणि रोज एक उत्तर घड्याळ लावून पूर्ण लिही. नुसतं वाचून लिहिण्याचा वेग येत नाही.

सेकंदकाटा

खरेदीबद्दल. घड्याळ सेकंदकाट्याचंच हवं. डिजिटल घड्याळात नाडी मोजताना नजर आकड्यांत अडकते. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर उभं राहून पाय सुजतात तेव्हाचं माप खरं. पुढून बंद, रबरी तळाचे, आवाज न करणारे. रंग कॉलेजच्या कागदात असेल तोच. निळं, काळं, लाल पेन, खिशातली छोटी डायरी, छोटी टॉर्च, मोजपट्टी, केसांची जाळी. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, अंगठी नाही. अंगठीखाली हात नीट धुतला जात नाही.

स्टेथोस्कोप साधा, दोन तोंडांचा घे. महागडा कार्डिओलॉजीवाला पहिल्या वर्षी अजिबात नको, आणि वॉर्डात वस्तू हरवतात. कानात घालताना इअरपीसची टोकं नाकाच्या दिशेला हवीत, उलटी घातली तर काही ऐकूच येत नाही. ही माझ्या मते पहिल्या महिन्यातली सर्रास चूक. परळला हॉस्पिटलांच्या आसपास दुकानं आहेतच, पण चार-पाच जणी मिळून प्रिन्सेस स्ट्रीटला गेलात तर भाव चांगला मिळतो.

बीपीचं मशीन विकत घेऊ नका. कॉलेजच्या लॅबमध्ये असतं.

रात्रपाळी

मशीनबद्दल माझं मत वेगळं आहे. तिघी-चौघींनी मिळून एक डायलचं अ‍ॅनेरॉइड मशीन घ्यावं. लॅबमध्ये एका मशीनमागे दहा-बारा जणी असतात, आणि बीपी कानाला सवय होईपर्यंत येत नाही. घरात आई-बाबा, आजी, शेजारच्या काकू, ज्यांचा दंड मिळेल त्यांचं घ्या. बटण दाबायचं इलेक्ट्रॉनिक मात्र शिकायला कामाचं नाही.

सराव करताना क्रम मोडू नका. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. आधी अर्धा तास चहा नको. कफची (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची) खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. मनगटाची नाडी चाचपत फुगवा, नाडी कुठे गायब होते तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा, मिनिटभर थांबा. मग कोपराच्या घडीत आतल्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून त्या आकड्याच्या ३० वर न्या आणि सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर अशा वेगाने उतरवा. पहिला ठोका वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबला की खालचा.

नाडीची पायरी सगळ्या गाळतात. काही रुग्णांत आवाज मध्येच बंद होऊन खाली पुन्हा सुरू होतो. आधी नाडी चाचपली नसेल तर तो खालचाच ठोका पहिला समजून बीपी कितीतरी कमी लिहिलं जातं. कफ दंडाला लहान पडला तर आकडा खोटा जास्त येतो, हात लोंबकळत असला तरी जास्त. कफच्या आतली पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवी. आणि डायलवरच्या रेघा दोन-दोनच्या असतात, त्यामुळे चार्टवर १२५ लिहिलं की बघणाऱ्याला लगेच कळतं, आकडा अंदाजाने ठोकलाय.

पहिलीच_पाळी

खूप खूप आभार. लसीसाठी उद्याच जाते. आणखी दोन शंका. रक्त बघून चक्कर येईल याची फार भीती वाटते. आणि चादर घालण्याची परीक्षा असते असं ऐकलं, त्यात एवढं काय असतं?

स्किललॅब

चक्कर बहुतेकदा रक्तापेक्षा रिकाम्या पोटाने येते. पहाटे चहा-बिस्किटावर निघायचं, मास्क लावून उकाड्यात तासभर गुडघे ताठ ठेवून उभं राहायचं, आणि समोर ड्रेसिंग उघडलं जातं. पोळी-भाजी, उपमा, उकडलेलं अंडं, काहीतरी खाऊन निघ आणि पाणी पी. उभी असताना पोटऱ्या आवळत-सोडत राहा. जांभया, घाम, कानात गुंजन, डोळ्यांपुढे अंधारी ही आधीची लक्षणं. ती जाणवली की "मॅडम, मला बसायचंय" म्हणून भिंतीला टेकून तिथेच खाली बस, शक्य असलं तर आडवी हो आणि पाय वर घे. बाहेर पळायला जाऊ नकोस, कॉरिडॉरमध्ये पडलीस तर डोक्याला लागेल. बहुतेकींचा हा त्रास पहिल्या काही आठवड्यांत जातो. रक्त, हिमोग्लोबिन मात्र एकदा तपासून घे.

चादरीचं म्हणशील तर तिथे सगळं तपासलं जातं. सुरकुती राहिली की अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाजवळ तिथेच त्वचा दबते, आणि प्रेशर सोअरची (दाबामुळे होणाऱ्या जखमेची) सुरुवात होते. चादर झटकायची नाही, जंतू हवेत उडतात. मळलेली चादर छातीशी धरायची नाही, जमिनीवर टाकायची नाही, थेट बादलीत. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीकडे जायचं, फेऱ्या वाचतात. कोपरा माइटर्ड करायचा: कडेपासून साधारण हातभर अंतरावर चादर उचलून त्रिकोण गादीवर ठेवायचा, खाली लोंबणारा भाग गादीखाली दाबायचा, मग त्रिकोण खाली आणून तोही दाबायचा. मॅकिंटॉश (रबरी चादर) आणि ड्रॉ शीट (तिच्यावरची आडवी चादर) पाठीच्या मधल्या भागापासून मांड्यांपर्यंत येतील अशी. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दरवाजाच्या विरुद्ध बाजूला. तोंडी परीक्षेत प्रत्येक पायरीचं कारण विचारतात. पाठ केलेल्या मुली तिसऱ्या 'का'ला गप्प होतात, म्हणून वहीत पायरीसमोर कारण लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लाव.

हिंदमाता

प्रवासाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सकाळची ड्युटी साधारण साडेसात-आठला सुरू होते. कल्याणहून फास्टने दादर आणि तिथून स्लोने एक स्टेशन, नाहीतर थेट स्लो. दारापासून दारापर्यंत दीड तास धर. पाससाठी कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशन फॉर्म घ्यायचा, तीन महिन्यांचा काढ. फॉर्मवर स्टेशनांची नावं आणि शिक्का नीट तपास. मुदत उलटली की खिडकीवर परत पाठवतात.

पावसाळ्यात परळजवळचं हिंदमाता तुंबणारच, कुर्ला-सायनला रुळांवर पाणी येणारच. लॉकरमध्ये किंवा मैत्रिणीच्या हॉस्टेलच्या खोलीवर एक जादा गणवेश, मोजे आणि बूट ठेव. साचलेल्या पाण्यातून चालत आलीस आणि पायाला जखम असेल तर पाय साबणाने धुवून २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना विचार. लेप्टोचं (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं) प्रतिबंधक औषध त्यांच्या सल्ल्याने मिळतं. गणवेश घालून लोकलने येऊ-जाऊ नकोस. वॉर्डातला कपडा वेगळ्या पिशवीत घरी न्यायचा आणि वेगळा धुवायचा.

कागदपत्रं: मूळ प्रती कॉलेजात जमा होतात, त्याआधी प्रत्येकाच्या झेरॉक्सचे तीन-चार संच आणि स्कॅन करून ठेव. महाडीबीटीची शिष्यवृत्ती भरणार असशील तर बँक खातं आधारला नुसतं केवायसीपुरतं जोडलेलं चालत नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग झालेलं हवं. बँकेत याच शब्दांत विचार. अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

सेकंदकाटा

चौथ्या प्रश्नाचं राहिलेलं. मुंबईतल्या मोठ्या सरकारी-महापालिका हॉस्पिटलांत गर्दी असते, जमिनीवरही गाद्या असतात, रुग्ण सारखे हलवले जातात. त्यामुळे "सात नंबरचा पेशंट" ही ओळख कधीही वापरू नकोस. नाव रुग्णालाच सांगायला लाव आणि केसपेपरवरचा रजिस्ट्रेशन नंबर पाहा. "तुम्हीच अमुक ना?" असं विचारलं तर घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

श्वास मोजताना सांगायचं नाही. नाडीचा हात तसाच धरून ठेवायचा आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजायचं, सांगितलं की श्वासाची लय बदलते. मोठ्या माणसाचे १२ ते २०, नाडी ६० ते १००. नाडी अनियमित वाटली तर तीही पूर्ण मिनिट.

टीबीचा रुग्ण असलेल्या ठिकाणी साधा निळा सर्जिकल मास्क तुझं रक्षण करत नाही, एन-९५ लागतो. सर्जिकल मास्क रुग्णाने लावायचा. आपल्या शहरात हे मेडिसिनच्या कुठल्याही वॉर्डात लागू आहे.

पहिलीच_पाळी

कचऱ्याच्या बादल्यांचे रंग कसे लक्षात ठेवायचे? यादी वाचली, पण सिरिंज दोन रंगांत दिसतेय.

रात्रपाळी

कारण सिरिंजचे दोन भाग दोन ठिकाणी जातात. सुई कटरमध्ये कापायची, ती सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. उरलेली प्लास्टिकची नळी लाल पिशवीत. सुईवर टोपण परत बसवायचं नाही, टोचण्याचे कितीतरी प्रसंग तिथेच घडतात. रंग लक्षात ठेवताना पुढे त्या वस्तूचं काय होणार ते आठव. पिवळं जाळायचं: रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं. लाल निर्जंतुक करून प्लास्टिक म्हणून पुन्हा वापरात: सलाइनचा सेट, कॅथेटर, युरिन बॅग, हातमोजे. निळ्यात काच: फुटलेले अँप्युल, व्हायल (औषधाच्या काचेच्या कुप्या). पांढऱ्यात टोचणारं, कापणारं. औषधाचं रिकामं खोकं आणि उरलेलं जेवण सामान्य कचऱ्यात. हे २०१६ च्या नियमांप्रमाणे आहे. रक्ताची पिशवी प्लास्टिकची असली तरी पिवळ्यात जाते, तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

आणि लॉगबुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सही ज्या दिवशी काम केलंस त्याच दिवशी घे. मॅडमची पोस्टिंग बदलली की जुन्या सह्या मिळवायला महिना जातो.