शब्दचर्चा: विवर, कुंड की काहील?

प्रश्न: मॉरिशसच्या भूगोलावर मराठीत लिहिताना ज्वालामुखीचा ‘क्रेटर’ (तोंडाशी असलेला खड्डा) आणि ‘कॅल्डेरा’ या दोन्हींना सरसकट ‘विवर’ म्हटलेलं दिसतं. हे चालेल का? आणि तिथल्या क्युरपीप शहरातल्या विवराचं नाव ‘ट्रू ऑक्स सर्फ्स’ लिहायचं की आणखी काही?

प्रतिसाद १: नावाचं आधी. ते फ्रेंच आहे, उच्चार ‘त्रू ओ सेर’. ‘त्रू’ म्हणजे भोक, ‘सेर’ म्हणजे हरणं. थोडक्यात हरणांचं विवर, पण विशेषनामाचं भाषांतर करू नये. क्रेटरला ‘विवर’ इथे चपखल बसतं: तोंड तीनेकशे मीटर रुंद, खोली सुमारे 80 मीटर, उतारावर गच्च झाडी.
‘ज्वालामुखीचं मुख’ मात्र टाळा. मुख शब्दातच आहे.

प्रतिसाद २: कॅल्डेरा म्हणजे मोठं विवर नव्हे, त्याची घडणच वेगळी. पोटातला शिलारस निघून गेला की वरच्या छताला आधार उरत नाही आणि ते आत बसतं. व्यास साधारण एक किलोमीटरच्या वर असेल तरच कॅल्डेरा म्हणतात. मॉरिशसच्या मधल्या पठाराभोवती मोका, ग्रां पोर आणि ब्लॅक रिव्हर अशा डोंगररांगांचं तुटक कडं आहे. ते मूळच्या प्रचंड ज्वालामुखीच्या काठाचे अवशेष समजतात. त्याला ‘विवर’ म्हटलं तर वाचक तिथे खड्डा शोधत बसेल.

प्रतिसाद ३: स्पॅनिशमध्ये ‘काल्देरा’ म्हणजे मोठी कढई. मग आपली गुऱ्हाळातली काहील का नको? पसरट, सपाट तळाची, उभ्या काठाची. चुलवाण खचून काहील आत बसावी, तसंच हे. त्यात मॉरिशस उसाचं बेट!

प्रतिसाद २: चित्र झकास, पण विभक्ती लावून बघा. ‘काहिलीचा व्यास’, ‘काहिलीच्या काठावर’. वाचकाला अंगाची काहिली आठवेल. ‘महाकुंड’ बरा. पहिल्यांदा ‘महाकुंड, म्हणजे कॅल्डेरा’ असं लिहावं, पुढे नुसतं महाकुंड.

प्रतिसाद ४: शिलारस आणि लाव्हा यांचीही गल्लत होते. जमिनीच्या पोटात असतो तो शिलारस, बाहेर आल्यावर लाव्हारस. ‘विवरातून शिलारस वाहिला’ हे चूक.
‘लगून’साठी पाठ्यपुस्तकात ‘खाजण’ असतं. कोकणी वाचकाला त्यातून भरतीचं खारं पाणी शिरणारी चिखलट जमीन दिसते. मॉरिशसला किनारा आणि प्रवाळभित्ती यांच्यामध्ये उथळ, नितळ पाणी आणि खाली पांढरी वाळू. तिथे ‘भित्तीच्या आतलं उथळ पाणी’ असं सरळ लिहावं. नदीमुखासमोर या भित्तीला खिंडारं असतात, कारण गोड, गढूळ पाण्यात प्रवाळ तगत नाही. होड्या तिथूनच ये-जा करतात.

प्रश्नकर्ता: आणि ग्रां बासँ हे मॉरिशसमधलं सरोवर? ते पाण्याने भरलेलं विवरच ना? त्यालाच ‘गंगा तलाव’ म्हणतात, त्याऐवजी ‘गंगा सरोवर’ म्हणावं का?

प्रतिसाद १: वर्णन करताना ‘विवर-सरोवर’ म्हणा, हरकत नाही. नाव मात्र गंगा तलावच. ते तिथल्या भोजपुरी बोलणाऱ्यांच्या तोंडचं आहे. 1972 साली त्या पाण्यात गंगाजल मिसळलं गेलं. महाशिवरात्रीला लोक कावडी घेऊन पायी येतात, ते तलावावरच. मॉरिशसचे मराठी लोकही हेच नाव वापरतात. आपण पुण्यात बसून बदलायचं कारण नाही.