दोन अपत्यांची अट आता काढून टाकावी का?

कराडकर
१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं, की आपल्याकडे ग्रामपंचायत ते झेडपी कुठलीच निवडणूक लढवता येत नाही. आंध्रनं अशीच अट नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. महाराष्ट्रानंही करावी, असं माझं ठाम मत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, १.७ आला. पिढी जागच्या जागी राहायला २.१ लागतो. दक्षिण कोरियाचं काय झालं बघा. त्यांचा दर १९८० च्या दशकातच २.१ च्या खाली गेला, तरी कमी मुलांचं धोरण १९९६ पर्यंत चालू ठेवलं. २०२३ मध्ये दर ०.७२. आता सरकार पैसे ओततंय, पण पाळणा जेमतेमच हलतोय.

माणदेशी
साफ चूक. दर उतरला म्हणजे माणसं वाढायची थांबली असं होत नाही. त्याच पाहणीत भारताचा दर २.० आला, तरी वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर बाळं जन्मतात आणि मृत्यू त्याच्या निम्म्याहून कमी. कारण बाळंतपणाच्या वयातल्या बायकांची संख्याच मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजात आपण २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरणार. माण, खटाव, आटपाडीत टँकरच्या खेपा डोकी मोजून ठरतात, प्रजनन दर बघून नाही. अट राहू द्या.

कराडकर
दादा, त्या बायका जन्मून वीस-पंचवीस वर्षं झाली. त्यांची संख्या आता कुठल्या कायद्यानं कमी होणार?

आकडेमोड_मिरज
संख्या कमी होणार नाही, पण वेग कमी करता येतो, आणि तो अटीनं नाही. पहिलं बाळंतपण १८ व्या वर्षी झालं तर शंभर वर्षांत साधारण साडेपाच पिढ्या होतात. २५ व्या वर्षी झालं तर चारच. मुलं प्रत्येकी दोनच, तरी एका वेळी हयात असणाऱ्या पिढ्या कमी. सातारा जिल्ह्यानं २००७ मध्ये ‘दुसरा हनीमून’ योजना काढली ती याच तत्त्वावर: लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. नावावरून लोक हसले, पण त्यामागचं गणित पक्कं होतं. केरळात निवडणुकीची अशी अट नव्हती, तरी तिथला दर आपल्या आधी उतरला. तो मुलींच्या शिक्षणानं आणि दवाखान्यांनी.

आणि नुसती संख्या नका बघू, वय बघा. नायजरमध्ये निम्मी माणसं साधारण १५ वर्षांच्या आतली, भारतात २८ च्या, जपानात ४९ च्या. ६५ वरच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ वर जायला फ्रान्सला ११५ वर्षं मिळाली, जपानला २४. फ्रान्स आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा. आपल्याला तेवढी सवड नाही.

कृष्णाकाठची
मुलींचं कुणी बोलेना म्हणून लिहिते. ‘दोनच’ हा दट्ट्या आणि ‘एक तरी मुलगा’ ही हाव एकत्र आली, की बळी गर्भातल्या मुलीचा. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. २०१७ मध्ये म्हैसाळला गर्भपात करून पुरलेले भ्रूण सापडले, ते विसरलात का? सगळा दोष अटीचा नाही, पण तिनं आगीत तेल ओतलं. काढाच.

विट्याचा_गलाईवाला
अट काढून गावात तरणी पोरं येणार नाहीत, हेही लक्षात घ्या. २००१ ते २०११ मध्ये राज्य १६ टक्के वाढलं, सातारा ७ च्याही आत, सांगली ९ च्या आसपास. हे सगळं पाळणा लांबल्यामुळं नाही. जावळी-पाटणची माणसं माथाडी कामाला मुंबईत, खानापूर-आटपाडीची गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, देशभर. आईबाप इथंच.

माणदेशी
मग म्हाताऱ्यांची सोय आधी बघा. गावात नेमके किती, ते तरी कुठं माहीत आहे? २०२१ ची जनगणना झालीच नाही.

आकडेमोड_मिरज
काढता येतं. मतदार यादीत वय असतं, त्यातून ६५ वरचे मोजा. अंगणवाडीच्या रजिस्टरमधून ० ते ६ ची मुलं घ्या. मधली शाळकरी पोरं शाळांच्या पटावरून, पण तालुक्याच्या गावी शिकायला जाणारी त्यात सुटतात. मतदार यादीत दोन प्रकारची खोट असते: मयतांची नावं आणि मुंबईला गेलेल्यांची. त्यासाठी आशाताईंच्या घरभेटीच्या नोंदींशी घरनिहाय ताडून बघा. तिसरी खोट वयाची. जन्मदाखला नसलेल्यांचं वय ६०, ६५, ७० असं गोळाबेरजेचं लागतं. म्हणून एकेक वर्ष न धरता ६३ ते ६७, ६८ ते ७२ असे गट पाडा. गोल आकडा गटाच्या मधोमध येतो आणि चूक दोन्हीकडं वाटली जाते. श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या पेन्शन योजनेच्या यादीवर जाऊ नका, तिथं उत्पन्नाची अट आहे.

माणदेशी
हे ग्रामसभेत मांडतो. अटीबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही.